टेकाईची उजवी वहाण

विषय : मौजे खरवड येथील टेकाईदेवीच्या देवळात पायात वहाणा घालून जाण्याच्या प्रथेबाबत.

संदर्भ : बाहेरगावच्या पाहुण्यांनी पायरीवर उभे राहून वेळोवेळी केलेली तोंडी विचारणा.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने सादर करण्यात येते की, टेकाईच्या देवळात वहाणा घालून जाता येते. अट एकच, त्या स्वतःच्या हाताने शिवलेल्या हव्यात. विकत घेतलेल्या, आहेरात आलेल्या, मुलाने परदेशातून पाठवलेल्या, सगळ्या पायरीखाली काढाव्या लागतात.

गावात गोविंद शिंगे यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये चामडेकाम शिकवण्याचा चार दिवसांचा वर्ग चालतो. पुण्या-ठाण्याची माणसे हौसेने येतात आणि पाचव्या दिवशी बोटांना चिकटपट्ट्या लावून टेकडी चढतात. पायात स्वतः शिवलेली आयुष्यातली पहिली वहाण असते. कुणाची टाचेकडे दोन बोटे लांब, कुणाचा पट्टा इतका सैल की माणूस पुढे जातो आणि वहाण मागाहून येते. तरीही ती घालून देवीपुढे उभे राहताना ही माणसे आधी स्वतःच्या पायांकडे पाहतात. खाली उतरल्यावर विचारतात, ही प्रथा पडली कशी? गावात वाचणारा आणि रिकामा असा माणूस मी एकटाच, असा समज असल्याने त्यांना माझ्याकडे पाठवण्यात येते. मी सांगतो ते माझ्या पदरचे नाही. गावात सांगतात तेच सांगतो.

फार पूर्वी, म्हणजे नेमके केव्हा ते कुणालाच ठाऊक नाही, दर चैत्री पौर्णिमेला टेकाईला नवा जोड वाहत असत. त्या रात्री देवी तो घालून गावाची शीव फिरून येते, असे मानत. सकाळी पाहावे तर वहाणांच्या तळांना माती लागलेली आणि काटे रुतलेले असत म्हणे. शीव राखली गेली, असे समजून गाव वर्षभर निर्धास्त झोपे.

हा जोड येसबा चांभार शिवायचा. बाभळीच्या सालीत कातडे कमावायचे, महिनाभर बसून वहाणा करायच्या आणि टेकडीच्या निम्म्यावर एक सपाट दगड आहे, त्यावर ठेवून मागे सरायचे. पुढे गुरव येई, वहाणांवर पाणी शिंपडे आणि त्या वर घेऊन जाई. येसबाला दगडाच्या पुढे जाण्याची मुभा नव्हती. शिवाय गावातून जाताना त्याने स्वतःच्या वहाणा हातात धरून चालायचे, असा दंडक होता. सगळ्या गावाच्या पायात त्याच्या हातच्या वहाणा करकरत आणि तो अनवाणी जाई. यात काही चमत्कारिक आहे असे तेव्हा कुणाला वाटत नसे.

एका वर्षी येसबा दगडाशी वहाणा ठेवून मागे सरला नाही. तिथेच उभा राहिला. गावचे रायाजी पाटील खालून येत होते, त्यांना म्हणाला, "पाटील, यंदा मला वर जाऊ द्या."

"कशाला?"

"माप बघायला. तीस वर्षं पाय न बघता वहाणा करतोय. बापानं दिलेल्या मापावर. वहाण चावते का, ते कळायला नको?"

पाटील हसले. "देवीची तक्रार आलीय का कधी?"

"ती ऐकायला मला आत कुठं सोडता?" येसबा म्हणाला.

पाटलांचे हसू तिथे थांबले. "पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून ते वर गेले. पुढच्या वर्षी पौर्णिमेला महिना उरला असताना येसबाने निरोप धाडला की, माप घेऊ देणार असाल तर शिवतो, नाहीतर यंदा तुमचे तुम्ही बघा. सांगण्यात राग नव्हता. कातडे कमावून तयार आहे, तेही घेऊन जा, असे त्याने वर कळवले होते.

गाव चावडीवर जमले. चार काप आणि आठ टाके, त्यात काय मोठे, यावर एकमत झाले. ते चार काप कोण घालणार, हे मात्र ठरेना. चामड्याच्या मोटेचे पाणी सगळे पीत होते, चामड्याच्या ढोलावर सगळे नाचत होते, पण कातड्याला हात लावायचा म्हटल्यावर प्रत्येकाला आपापले सोवळे आठवले. शेवटी पाटील कुलकर्ण्यांकडे वळले. "अंताजीपंत, तुमचं अक्षर मोत्यासारखं. हात बसलेलाच आहे. रेघ आखायची तशी कापायची."

अंताजीपंत गावचे लिहिणे करीत. त्यांनी आढेवेढे घेतले. मग देवीच्या कामास विटाळ नाही, असा दाखला आवश्यक आहे म्हणाले. तो देण्याचा अधिकार गावात त्यांनाच असल्याने त्यांनी तो स्वतःच्या नावे लिहिला, वाळू टाकून वाळवला आणि उपरण्यात बांधला.

शिकायचे कुणाकडे? येसबाकडेच. येसबा काही पंतांच्या ओसरीवर येऊ शकत नव्हता, तेव्हा पंतच रोज सकाळी चांभारवाड्यात जाऊन त्याच्या अंगणात बसू लागले. येसबाने हातचे काही राखले नाही, असे आवर्जून सांगतात.

"पंत, ही कापायची रापी बोरूसारखी धरू नका. ती पुढं ढकलायची. आपल्याकडं ओढली की पहिलं बोट जातं."

बोट गेले. येसबाच्या बायकोने, तानूबाईने, हळद आणून दिली. दुसऱ्या दिवशी दुसरे बोट गेले, तेव्हा ती म्हणाली, "पंत, कातडं तिकडं हाय. सोताचं कशाला कापताय?"

दोऱ्याला मेण कमी लागले की तो तुटे. आरीने पाडलेली भोके गावच्या रस्त्यासारखी जात. एक टाका घट्ट, तर पुढचा सैल. पंतांनी आयुष्यात जेवढे कागद फाडले नसतील तेवढे टाके त्या महिन्यात उसवले. हळूहळू त्यांच्या ध्यानात येऊ लागले की येसबा बोलताना हाताकडे पाहत नाही आणि तरी त्याचा टाका टाक्याशेजारी बसतो. एके दिवशी पंतांचे सलग दहा टाके सरळ आले. ते बराच वेळ त्यांवरून अंगठा फिरवत बसले. ते येसबाला 'येसबाबा' म्हणू लागले ते याच सुमारास, म्हणे. केव्हापासून, ते त्यांनाही सांगता आले नाही.

पौर्णिमेला दोन दिवस उरले. येसबा साल आणायला रानात गेला होता. पंतांनी ठरवले की तळ आपणच कापायचे. येसबाने त्यांना डाव्या पायाचे माप कागदावर कापून दिले होते. पंतांनी तो कागद कातड्यावर ठेवून एक तळ कापला, मग तोच कागद तसाच ठेवून दुसरा कापला. पट्टे आणि अंगठे त्याबरहुकूम बसवले. नक्कल करताना मूळ कागद पालथा घालायचा नसतो, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते.

येसबा परतला. वहाणा हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या. "पंत, दोन्ही डाव्या झाल्या."

"असं कसं होईल? दोन्ही अगदी एकसारख्या आहेत."

"तेच म्हणतोय."

पंतांनी पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. कातडे तेवढेच होते. येसबा म्हणाला, "माझ्यापाशी तुकडा आहे. उजवी मी करून देतो. मग नेताय मला वर?"

ते आपल्या हातात नाही, असे पंतांना म्हणता आले असते. तेही त्यांच्या तोंडून निघेना. येसबाने वहाणा पुसून त्यांच्या हाती दिल्या. "न्या तशाच. टाके चांगले पडलेत."

पौर्णिमेला टेकाईच्या पायांपुढे दोन डाव्या वहाणा ठेवल्या गेल्या. गुरवाच्या लक्षात आले नाही. पाटलांच्याही आले नाही. जोड म्हणजे जोड, एवढेच ते पाहत.

सकाळी देऊळ उघडले तर एक वहाण मातीने माखलेली आणि दुसरी कोरीच्या कोरी. दारापासून धुळीत पावले उमटली होती, एक वहाणेचे, एक अनवाणी. अनवाणी पावलात जागोजाग लाल ठिपका होता. काही जण कुंकू म्हणाले. टेकडीवरचे काटेरी सराटे ज्यांना ठाऊक होते त्यांनी रक्त ओळखले. सगळे मागावर निघाले. पावले शिवेकडे वळलीच नव्हती. ती टेकडी उतरून, पाटलांच्या दारावरून, सरळ चांभारवाड्यात गेली होती आणि येसबाच्या उंबऱ्याशी संपली होती.

येसबा अंगणातच बसला होता. त्याच्या मांडीवर एक उजवी वहाण होती आणि तो शेवटचा टाका घालत होता. कुणी काही विचारण्याआधी तो म्हणाला, "मला काही दिसलं नाही. पण दारात पाऊल उमटलंय, त्याचं माप घेतलं. उजवा पाय डाव्याहून बोटभर रुंद आहे. तीस वर्षं चावत असणार. बोलली नाही."

पाटील खाकरले. म्हणाले, वर जायचे असेल तर येसबाने रीतसर अर्ज करावा, गाव विचार करील.

"मी अर्ज करणार नाही," येसबा म्हणाला. "माझ्याकडं यायला तिनं केला होता का? आणि वहाणा हातात धरूनही जाणार नाही. तेवढं बघा."

अंताजीपंत घरी गेले आणि त्यांनी लगेच अर्ज लिहून आणला. अर्जदार : श्री टेकाईदेवी, राहणार टेकडी. विनंती : माझ्या वहाणा शिवणारा कारागीर पायात वहाण घालून माझ्यापर्यंत यावा, मला माप द्यायचे आहे. निशाणी म्हणून येसबाच्या दारातल्या पावलाचा लाल ठसा कागदावर घेतला होता.

गाव पेचात पडले. मंजूर करावा तर भावकी आणि आजूबाजूची गावे काय म्हणतील? नामंजूर करावा तर अर्जदार कोण, ते दिसतच होते. दुपारपर्यंत काथ्याकूट झाला. शेवटी पंतांनीच तोड सुचवली की अर्ज विचाराधीन ठेवावा आणि निकाल होईतो, ज्याने वहाण शिवली असेल त्याला ती घालून वर जाण्यास कुणी हरकत घेऊ नये. निर्णय घ्यावा लागत नाही म्हटल्यावर सगळ्यांना हायसे वाटले. पाटलांनी लगेच निशाणी केली. आपल्या पायातल्या वहाणा दुसऱ्याने शिवलेल्या आहेत आणि येसबा वहाणा घालून वर जाणार तेव्हा आपण पायरीखाली अनवाणी होणार, हे त्यांच्या ध्यानात संध्याकाळी आले, असे सांगतात.

त्याच दुपारी येसबा स्वतःच्या वहाणा पायात घालून गावातून निघाला. पाटलांच्या दारावरून जाताना तो थोडा हळू चालला. वहाणांची करकर त्याने जन्मभर ऐकली होती, पण ती नेहमी दुसऱ्याच्या पायाखालून येई. सपाट दगड आला, तो ओलांडून तो वर गेला. देवळात त्याने नवस बोलला नाही की हात जोडले नाहीत. कारागीर गिऱ्हाइकापुढे बसतो तसा खाली बसला, पंतांची जादा डावी वहाण बाजूला केली आणि उजवी चढवून पट्ट्याखाली बोट घालून पाहिले. मग म्हणाला, "आता बघ."

यानंतर देवी कुणाच्या दारी आली नाही. वहाणा बसल्या असाव्यात.

आजही दर चैत्री पौर्णिमेला नवा जोड वाहण्याआधी देवळापुढे सभा भरते आणि गुरव तो अर्ज वाचून दाखवतो. मूळ कागद केव्हाच विरला. आता वाचतात ती नकलेची नक्कल. हल्ली कायद्याने देऊळ सर्वांना खुले आहे, त्यामुळे आता अर्ज निकाली काढावा, असे दोन-तीन वेळा सुचवण्यात आले. त्यावर गोविंद शिंगे, जे येसबाचे वंशज, दर वर्षी एवढेच म्हणतात, "काढा की. मंजूर म्हणून लिहा आणि सही करा." सही कुणी करायची म्हणून सभा एकमेकांच्या पायांकडे पाहते. विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात येतो.

यंदाच्या सभेतही तसेच झाले. अर्ज प्रलंबित आहे.