शेवटची शिट्टी नसलेले मैदान

ब्राझाव्हिल शहरात काँगो नदीच्या काठाला फुटबॉलचे एक मैदान आहे. तिथे सामना सुरू होताना शिट्टी वाजते, संपताना वाजत नाही. वेळ झाली की पंच हात वर करतो आणि खेळाडू मुकाट्याने बाहेर पडतात. पाहुण्यांना हसू येते. मग म्हातारा नावाडी मालोंगा त्यांना नदीकडच्या गोलापाशी नेतो. "हसा खुशाल," म्हणतो, "पण आधी समोर बघा."

समोर, पाण्यापलीकडे किन्शासा दिसते. दोन देशांच्या दोन राजधान्या, आणि मध्ये फक्त नदी. माणसे मूळची एकच. एका तीरावर फ्रेंच उतरले, दुसऱ्यावर बेल्जियन, आणि नदीची सीमा झाली. गोरे गेले, सीमा तेवढी मागे राहिली. तरी वर्षातून एकदा दोन्ही तीरांचा सामना याच मैदानावर व्हायचा, असे सांगतात.

इकडचा गोलकीपर मबियाला होड्या बांधायचा. त्याला ना बायको, ना पोर. जिवाभावाचा एकच, न्सिम्बा. दोघे मासेमारीच्या एकाच जाळ्यावर वाढलेले, पण न्सिम्बा लग्न करून पलीकडे गेला आणि तिकडून खेळू लागला. सामन्यानंतर हरणाऱ्याने मासे भाजायचे आणि दोघांनी काठावर बसून खायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

एका वर्षी एक-एक अशी बरोबरी असताना शेवटच्या मिनिटाला पलीकडच्यांना पेनल्टी मिळाली. न्सिम्बाने चेंडू ठिपक्यावर ठेवला आणि त्याच क्षणी वादळ फुटले. विजा कडाडू लागल्या. पंचाने खेळ थांबवला.

"पुढच्या रविवारी मारतो," होडीत चढता चढता न्सिम्बा ओरडला. "तोवर मासे आणून ठेव!"

दोन दिवसांनी दोन्हीकडच्या सरकारांचे बिनसले आणि होड्या बंद झाल्या.

महिन्याभराने पंच म्हणाला, बरोबरी धरू आणि शिट्टी वाजवून टाकू. मबियालाने चेंडू पोटाशी धरला. "शिट्टी वाजली की सामना संपला. मग तो कशाला येईल?" आणि त्याने शपथ घेतली, म्हणे, की न्सिम्बा चेंडू मारीपर्यंत या मैदानावर शेवटची शिट्टी वाजू द्यायची नाही.

तेव्हापासून दर रविवारी चार वाजता, सामन्याच्या वेळेला, तो त्या गोलात उभा राहू लागला. ऊन असो, पाऊस असो, समोर ठिपक्यावर चेंडू आणि एकटा मबियाला. सुरुवातीला लोक सोबतीला थांबत. पुढे चेष्टा करू लागले, "ताता, अहो बाबा, मारणार कोण? मगर?" चेष्टेचे त्याला काही वाटले नाही. पण हसायलाही कोणी येईनासे झाले, तेव्हा मात्र तो आतून खचला. तरी रविवार चुकला नाही.

अकरा वर्षांनी होड्या सुरू झाल्या. पहिल्याच रविवारी मैदानावर पुन्हा गर्दी जमली, पंचही आला. तेवढ्यात होडीतून उतरून एक तरुण मुलगी मैदानात आली. हातात जुने बूट.

"मी लुझोलो. न्सिम्बाची मुलगी. बाबा गेले, दोन वर्षं झाली."

मबियाला त्या बुटांकडे बघत राहिला.

"दर रविवारी चार वाजता बूट घालून काठावर बसायचे," ती म्हणाली. "म्हणायचे, तो तिकडे उभा असेल."

मबियाला ढसाढसा रडला. मग डोळे पुसून गोलात जाऊन उभा राहिला. लुझोलोने बापाचे बूट चढवले, नाड्या घोट्याभोवती गुंडाळल्या आणि चेंडू मारला. तो सरळ मबियालाच्या हातात आला. लोकांनी एकच गलका केला. पंचाने शिट्टी ओठांशी नेली. आता ती वाजली की पोर होडीत बसून जाणार, आणि तिला परत यायला कारण उरणार नव्हते.

"थांबा," मबियाला म्हणाला. "तिने मारायच्या आधीच मी गोलरेषा सोडली होती. ही पेनल्टी धरायची नाही." अकरा वर्षे जागचा न हललेला माणूस हे सांगत होता. त्याने चेंडू पुन्हा ठिपक्यावर नेऊन ठेवला. "पुढच्या वर्षी परत मार, पोरी. मासे मी आणून ठेवतो."

आजही दरवर्षी न्सिम्बाच्या घरचे कोणीतरी होडीने येते आणि ती पेनल्टी मारते. इकडचा गोलकीपर चेंडू अडवतो आणि मी आधीच हललो होतो, असे सांगतो.

"आणि गोल झाला तर?" पाहुणे विचारतात.

"मग चेंडूच नीट ठेवलेला नसतो," मालोंगा म्हणतो. निकाल आजही एक-एकच आहे. हरलेले कोणीच नाही, त्यामुळे मासे दोन्ही तीरांची माणसे मिळून भाजतात.