हरणाऱ्याने कोरायचं नाव

“...म्हंजे चार मिनिटं अकरा सेकंदांत आठ पैलवान?”

“आठच्या आठ, वस्ताद. ह्या गेममध्ये एवढ्या कमी वेळात कुणी पाडले नसतील.”

बाबालाल वस्तादांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं.

गुडघा गेला आणि त्यांची कुस्ती सुटली, तेव्हा कोल्हापुरात तालमीमागच्या बोळात त्यांनी व्हिडिओ गेमचं दुकान काढलं होतं. एक टीव्ही, एक मशीन, दोन पॅड आणि एकच कॅसेट. तीही कुस्तीची. पोरं दुसऱ्या कॅसेटसाठी हट्ट धरायची. “कुस्ती सोडून आणि काय बघायचं असतंय?” असं म्हणून वस्ताद त्यांना वाटेला लावायचे.

त्या पोरांतला एक अभिनंदन चौगुले. पंधराव्या वर्षी पुण्याला गेला, शिकला, कंपनीत मोठा साहेब झाला. आज बावीस वर्षांनी आला होता.

“कसं केलंस?” वस्तादांनी विचारलं.

“आपल्या कॅसेटमधला हाच गेम कॉम्प्युटरवर चालवायचा. एका सेकंदाचे साठ तुकडे. प्रत्येक तुकड्यावर थांबायचं, कुठलं बटण दाबायचं ते ठरवायचं. चुकलं की मागं जायचं, पुन्हा दाबायचं. सगळी बटणं नोंदवून झाली की गेम आपोआप चालतो. लबाडी नाही, वस्ताद. असं करणारे जगभर आहेत, उघड सांगून करतात.”

“दिवस किती लागले?”

“सहा महिने.”

“चार मिनिटाला सहा महिने...”

अभिनंदन मान ताठ करून म्हणाला, “एकही डाव चुकलेला नाही.”

“ते दिसतंय. पर हा समोरचा असा मान पुढं करून का हुबा ऱ्हातोय?”

“या गेममध्ये एक खोच आहे. दुसरा पॅड जोडला की समोरच्याचाही ताबा मिळतो. दोन्ही पॅड मीच चालवतो. पाडायला सोपा पडेल तिथं त्याला आणून उभा करतो.”

अभिनंदन मुद्द्यावर आला. त्याने टीव्हीच्या वर बोट दाखवलं.

“वस्ताद, त्या फळीवर माझं नाव पाहिजे.”

तिथे सागवानी फळी टांगलेली होती. दर दिवाळीच्या सुट्टीत दुकानात सामने व्हायचे आणि जिंकणाऱ्याचं नाव खिळ्याने त्या फळीवर कोरलं जायचं. शेवटचं नाव होतं सर्जेराव पोवार; त्या वर्षानंतर सामने झालेच नाहीत. ते वाकडंतिकडं होतं, खाली घसरत गेलेलं.

रस्ता रुंद होणार होता. पुढच्या पंधरवड्यात दुकान पडणार होतं आणि फळी उतरणार होती. ही बातमी ऐकूनच अभिनंदन धावत आला होता. बावीस वर्षांत त्याला पुष्कळ काही मिळालं, पण त्या फळीवर आपलं नाव नाही, हे काही केल्या त्याच्या मनातून जात नव्हतं.

“सर्ज्याचं नाव कुणी कोरलं?” वस्तादांनी विचारलं.

“...मी.”

“का?”

“अंतिम सामन्यात मी हरलो होतो. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याचं नाव कोरायचं, असा तुमचा दंडक होता.”

“अजून हाय.”

वस्ताद उठले. फळीमागच्या सुतळीला बांधलेला खिळा सोडून त्यांनी टेबलावर ठेवला.

“बोलीव तुझ्या हरलेल्याला. कोरू दे.”

अभिनंदनने पडद्याकडे पाहिलं. चीत झालेला आठवा पैलवान तिथे हात पसरून पडला होता.

त्याने लॅपटॉप हळूच मिटला.

मग वस्तादांनी कोनाड्यातून एक बशी काढली. बशीत तालमीची तांबडी माती होती. पोरांच्या हातांना घाम सुटायचा, पॅड निसटायचे, म्हणून ती ठेवलेली असे. आपली माती आपण घ्यायची नाही, समोरच्याने लावायची.

“हात कर फुडं.”

वस्तादांनी त्याच्या तळव्यांना माती चोळली आणि आपले हात पुढे धरले. अभिनंदनने चिमूटभर माती घेऊन त्यांना लावली. मातीत मिसळलेल्या तेलाचा आणि हळदीचा तोच वास आला. हे हात एके काळी केवढे मोठे वाटायचे!

जुनं मशीन दोनदा खरखरलं आणि सुरू झालं.

वस्तादांची बोटं बटणांवर सावकाश फिरत होती. अभिनंदनने पहिल्याच झटक्यात त्यांचा पैलवान उचलून आपटला. दुसऱ्यांदा आपटला. तिसऱ्यांदा धरायला गेला, आणि वस्तादांच्या पैलवानाने खाली वाकून त्याचा पाय ओढला.

अभिनंदनचा अंगठा पॅडवर काहीतरी चाचपू लागला.

“काय हुडकतोयस?”

“मागं... मागं जायचं बटण...”

“ह्याला न्हाई.”

टीव्हीतल्या पंचाने तीनदा हात आपटला. अभिनंदनचा पैलवान चीत झाला होता.

अभिनंदन आधी ओशाळला. मग हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. हरल्याचं त्याला वाईट वाटलंच. पण इतकी वर्षं आपण या खोलीत एकदाही का आलो नाही, याचं त्याहून जास्त वाटलं.

त्याने न सांगता खिळा उचलला. स्टुलावर चढून तो कोरत बसला. सागवान कठीण, तळहाताला फोड आला. एकेका अक्षराला वेळ लागत होता आणि त्याला घाई नव्हती. अर्ध्या तासाने सर्जेरावाच्या खाली ‘बाबालाल मुजावर’ उमटलं. तेही घसरत गेलेलं.

वस्तादांनी खालून निरखून पाहिलं.

“हं... अक्षर सुधारलं न्हाई तुझं.”

अभिनंदन स्टुलावरून उतरला.

“आणि माझं नाव, वस्ताद? फळी तर आता उतरणार...”

वस्तादांनी खिळा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा सुतळीला बांधला.

“सर्ज्या दर रविवारी येतोय. त्याला पाड. त्याचं अक्षर झ्याक हाय.”