उलटा बसवलेला पंखा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध मिस्त्री राहत असे. गावाचे नाव मी सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही, कारण या कथेत नावांनी आधीच पुरेसा घोळ घातला आहे. एका मुलीचे नाव मात्र सांगतो. ते वैजयंता.

वैजयंता जन्मांध होती आणि वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा नऊ दिवसांवर आलेली. पुराव्याच्या कायद्यावरचा अकराशे पानांचा एक ग्रंथ तिला अभ्यासायचा होता आणि तो ऐकण्याच्या रूपात कुठेही मिळत नव्हता. गावच्या वाचनालयात एक छोटा संगणक होता. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे त्याला दिली की तो अक्षरे ओळखून ती आवाजात उतरवीत असे. हे काम कष्टाचे असते. यंत्राला तासन्‌तास पूर्ण जोर लावावा लागतो आणि ते तापते. हा संगणक तर पाऊण तासात तापून आपोआप बंद पडत असे. धडा अर्धवट राही, पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. तीन दिवसांत पन्नास पानेही धड झाली नव्हती. वैजयंता रोज सकाळी येऊन बाकावर बसे आणि दुपारी रिकाम्या हाताने परत जाई.

आता तो संगणक आला कसा, ते ऐका. वाचनालयात जागा नव्हती म्हणून कार्यकारी मंडळाने लहानशी पेटी घेतली, तांदळाच्या डब्याएवढी. तिला चार पंखे बसवायची सोय होती: दोन पुढे, एक बाजूला आणि सर्वांत मोठा वर, छतावर. आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात कोणी पंखा दिला तर त्याच्या पात्यांवर दात्याचे नाव रंगवतात. पंखा फिरू लागला की ते वाचता येत नाही, पण वीज गेली की सगळी नावे एकदम दिसतात आणि दात्यांना समाधान वाटते. मंडळाने तोच शिरस्ता इथेही चालवला. चार पंख्यांना चार दाते मिळाले, आणि प्रत्येकाचे नाव पंख्याच्या मधल्या चकतीवर सोनेरी रंगात आले.

पंख्याला दोन बाजू असतात. एक देखणी, मोकळी; तिकडून तो हवा ओढतो. दुसरीकडे आडव्या काड्या आणि वायर. तिकडून तो हवा फेकतो. नाव देखण्या बाजूला लिहिले गेले. नाव लोकांना दिसायला हवे म्हणून देखणी बाजू बाहेर ठेवली गेली. आणि अशा रीतीने चारही पंखे चारी बाजूंनी आत फुंकू लागले. यंत्रशास्त्रात इतकी मोठी चूक करायला अडाणीपणा पुरत नाही, त्याला मंडळ लागते.

वाचनालयात एक साहाय्यिका होती, बत्तीस वर्षांची, हुशार. तिची नेमणूक दर जूनमध्ये मंडळ नव्याने करीत असे. फावल्या वेळात ती या मिस्त्रीकडे यंत्रकाम शिके. मिस्त्रीने चाळीस वर्षे विजेच्या मोटारींचे वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारा गुंडाळण्याचे काम, केले होते. म्हातारपणी तो संगणक उघडून बघू लागला आणि म्हणाला, मोटारीसारखा इथेही सगळा खेळ वाऱ्याचाच आहे. शिष्या त्याला काका म्हणे, आणि तो वाचनालयाच्या कोपऱ्यात येऊन तिला शिकवी.

"काका, अजून एक पंखा लावू या का? पाचवा?" तिने विचारले. "चार कमी पडतायत."

मिस्त्रीने एक उदबत्ती पेटवली आणि पेटीजवळ धरली. धूर पुढून आत ओढला गेला. बाजूने धरली, आत गेला. वर धरली, तरी आतच गेला. मग झाकणाच्या फटीतून तोच धूर कसाबसा बाहेर आला, आणि शेजारच्या पंख्याने तो पुन्हा आत ओढून घेतला. शिष्या बघत राहिली. मिस्त्रीने उदबत्ती विझवली, छतावरच्या पंख्याचे चार स्क्रू काढले, पंखा उलटा केला आणि पुन्हा बसवला. सोनेरी नाव आत गेले. बाहेर काड्या आणि वायर दिसू लागली.

"काका, हा शेठजींचा पंखा आहे," शिष्या हळूच म्हणाली. "त्यांच्या वडिलांचं नाव आहे त्याच्यावर."

"वाचलं मी," मिस्त्री म्हणाला. "यंत्र सुरू कर."

तिने सुरू केले. पडद्यावर तापमानाचा आकडा चढू लागला. पूर्वी तो नव्वदीच्या पुढे जाई आणि यंत्र मान टाकी. आज तो बहात्तरवर गेला आणि तिथेच राहिला. एक तास झाला, दोन झाले. बाकावर वैजयंता कान टवकारून बसली होती. संध्याकाळी तिला पहिले चार धडे मिळाले तेव्हा तिने ते मोबाइलमध्ये घेतले आणि मोबाइल छातीशी धरूनच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी शेठजी आले. चुरमुरे आणि फरसाणाचा त्यांचा मोठा व्यापार, पाच तालुक्यांत गाड्या जात. बरोबर मंडळाचे चिटणीस. शेठजींनी पेटीच्या छताकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. मी त्यांना हसणार नाही. बापाचे नाव शोधायला डोळे जावेत आणि तिथे वायर दिसावी, याचे दुःख खरेच असते.

"मिस्त्री, हे कोणी केलं?"

"मी."

"सरळ करा."

"सरळच आहे, शेठजी."

चिटणीस मध्ये पडले. "अहो मिस्त्री, देणगी आहे ती. नाव दिसायला नको का? तीन पंखे आत आणि एक बाहेर, हा कसला न्याय? त्यांचाच बरा सापडला तुम्हाला."

"त्यांचा सर्वांत मोठा आहे आणि वर आहे. गरम हवा वर जाते. ते मी नाही ठरवलेलं."

शिष्येला मार्ग काढावासा वाटला. ती म्हणाली, "शेठजी, मागच्या बाजूलाही एक छोटी चकती असते. तिथं नाव चिकटवते मी, नीट दिसेल."

"वायरींच्या जंजाळात? पाठीवर?" शेठजी म्हणाले. "माझ्या वडिलांचं तोंड आत आगीकडे आणि पाठ लोकांकडे, असं ठेवणार तुम्ही?"

वाचनकक्षात वर्तमानपत्रे चाळणारे सगळे आता ऐकत होते. मिस्त्री उभा राहिला. तो उंच नव्हता, आणि उभे राहायला त्याला गुडघ्यांवर हात ठेवावे लागले.

"शेठजी, तुमच्या वडिलांना मी पाहिलंय. बाजाराच्या टोकाला त्यांची चुरमुऱ्याची भट्टी होती. पहाटेपासून ते भट्टीकडे तोंड करून उभे असत. गिऱ्हाईक यायचं ते त्यांच्या पाठीशी. आम्ही पोरं त्यांना पाठीवरूनच ओळखायचो, सदरा घामानं कसा भिजलेला असायचा त्यावरून. गावानं त्यांचं तोंड फार थोडं पाहिलं, पण चुरमुरे सगळ्यांनी खाल्ले. आत फुंकणारे पंखे तीन आहेत, शेठजी. थंड हवा आणून द्यायला कोणीही तयार असतं, त्यात शोभा आहे. पण आतला ताप बाहेर नेणारा कोणीतरी लागतो, आणि त्याला तोंड आतच करावं लागतं. तो नसेल तर बाकीच्या तिघांचा वारा त्याच पेटीत घुसमटतो. या पेटीत तुमच्या वडिलांना मी त्यांच्याच जागी उभं केलंय. मी ते फिरवणार नाही. मंडळानं मला उद्यापासून येऊ नको म्हटलं तरी आज फिरवणार नाही."

मला वाटते, शेठजी त्या क्षणी विरघळले असते, जर समोर चौदा माणसे नसती. भट्टीची गोष्ट त्यांनी गावात वीस वर्षे कोणाला काढू दिली नव्हती.

"मग माझा पंखा मला परत द्या," ते म्हणाले.

"तुमचा आहे, न्या. पण मी स्क्रू काढणार नाही."

चिटणिसांनी शिष्येकडे पाहिले. "तू काढ. आणि जून लांब नाही, हे लक्षात असू दे."

स्क्रूड्रायव्हर टेबलावर होता. शिष्येने तो उचलला. तिच्या घरी म्हातारी आई होती, आणि या पगारावर दोघींचे चालत होते. तिने बाकाकडे पाहिले. वैजयंता हात मांडीवर ठेवून, मान किंचित वळवून ऐकत होती. सहा दिवस उरले होते आणि सातशे पाने. शिष्येने स्क्रूड्रायव्हर शेठजींच्या पुढे धरला.

"मी नाही काढणार," ती म्हणाली. "तुम्हाला हवा असेल तर तुम्ही काढा. वीज मी बंद करून देते, धक्का बसायला नको."

शेठजींनी स्वतः काढला. हात सवयीचे नव्हते, एक स्क्रू खाली पडून कपाटाखाली गेला. वायर सोडवायला चिटणीस पुढे झाले आणि त्यांचे बोट खरचटले. शेवटी पंखा रुमालात गुंडाळून दोघे निघून गेले. पेटीच्या छतावर बशीएवढे भोक उरले.

शिष्या खुर्चीत बसली. "काका, गेलं सगळं. आता हिचं पुस्तक नाही व्हायचं."

"यंत्र सुरू कर," मिस्त्री म्हणाला.

"पण पंखाच नाही."

"भोक आहे ना?"

तिने सुरू केले. आकडा चढला: सत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. तिथे थांबला. तिने भोकावर तळहात धरला. मंद, ऊन हवा सतत वर येत होती. तीन पंखे आत ढकलीत होते आणि हवेला जायला वाट सापडली होती.

"पंखा होता तेव्हा बहात्तर होतं, आता अठ्ठ्याहत्तर," मिस्त्री म्हणाला. "म्हणजे शेठजींच्या वडिलांची किंमत सहा अंश. कमी नाही ती, मला वाईट वाटतंय त्यांच्याबद्दल. पण वाट अडवून उभा राहणारा मोठा पंखा असण्यापेक्षा रिकामी वाट बरी, एवढं आज तू पाहिलंस. मी सांगितलं असतं तर तू वहीत लिहून घेतलं असतंस."

पुस्तक चौथ्या दिवशी दुपारी पूर्ण झाले. वैजयंताने शेवटचा धडा तिथेच सुरू करून पाहिला, दोन वाक्ये ऐकली आणि बंद केला. मग तिने चाचपडत पेटी शोधली आणि वरच्या ऊन हवेवर क्षणभर हात ठेवला. "ताई, एवढ्याशा भोकातून अकराशे पानं निघाली," ती म्हणाली. दोघीही हसल्या.

तेवढ्यात चिटणीस आले. बोटाला पट्टी होती. ते चांगल्या मूडमध्ये होते, कारण त्यांना नवा दाता मिळाला होता.

"वरची जागा रिकामी आहे ना? तेलाचे व्यापारी आहेत, मोठा पंखा देतायत, दिव्यांचा. त्यांची अट काही नाही. फक्त नाव बाहेरून दिसलं पाहिजे."

मिस्त्री कोपऱ्यात एक जुनी मोटार उघडून बसला होता. त्याने मान वर केली नाही. उत्तर शिष्येने दिले.

"तोंड आत करून चालणार असेल तर आणा, मी आजच बसवते. नाहीतर ती जागा रिकामी नाही."

"अगं, एवढं भोक दिसतंय आणि रिकामी नाही म्हणतेस? धूळ जाईल आत."

"हवा वर येत असताना धूळ आत जात नाही, साहेब. यंत्र बंद केलं की मी वर ताट झाकते."

"मंडळाला काय सांगू?"

"सांगा की यंत्र चालू आहे."

चिटणीस जूनबद्दल काहीतरी बोलले. शिष्येने ते ऐकले, मान डोलावली आणि पुढच्या पुस्तकाचे पहिले पान छायाचित्र घेण्यासाठी सरळ लावले. कोपऱ्यात मिस्त्रीने हातातली मोटार खाली ठेवली, आणि आज शिकवण्यासारखे आपल्याकडे काही उरलेले नाही हे ओळखून तो चहा सांगायला उठला.

द्यायचे असेल त्याने जरूर द्यावे; पण तोंड कोणीकडे करून उभे राहायचे, हे देणाऱ्याने ठरवायचे नसते.