पोचा पडलेला डबा

"यात पाणी पिता तुम्ही? रोज?"

दिगंबर बोकारेंचा आवाज चिरकला.

"तहान रोज लागते," भन्ते शीलरत्न म्हणाले.

छावणीच्या गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी त्यांचा लहानसा विहार होता. भन्ते तरुणपणी पलटणीत शिपाई होते. पलटण सुटली, अंगावर चीवर आलं, पण शिपायाचा जेवणाचा डबा, ज्याला फौजेत मेसटिन म्हणतात, तो काही सुटला नाही. माठावर तो पालथा घातलेला असे.

आणि बोकारेंना वेड अशा जुन्या लष्करी डब्यांचं. घरी बायकोच्या पातेल्यांना वर्षानुवर्षं कल्हई नाही, पण कपाटातले डबे ते स्वतः मलमलीनं पुसायचे. कपाटाच्या काचेवर पाटीसुद्धा लावलेली: शिवू नये.

"पाहा भन्तेजी," बोकारे मांडी ठोकून बसले. "आधी डबा गोल होता. पाठीवर लोंबायचा, खडखडायचा. मग अर्धचंद्र केला, कमरेला बसावा म्हणून. मग चौकोनी, एकात एक जाणारे दोन. आपल्याला नुसते डबे जमवायचे नसतात. प्रत्येक बदलामागचं डोकं कळतं आपल्याला."

"वा."

"तुमचा हा मधला. कडी बाहेर असलेला शेवटचा. पुढे कडी आत दुमडली. माझ्या रांगेत एवढीच जागा रिकामी राहिली आहे. सगळी रांग बोळकी दिसते हो!"

"कडी बाहेर काहून होती?"

"चुलीवरून उचलायला."

"असंल," भन्ते म्हणाले. "मले दोर बांधाले बरी पडली."

बोकारेंचं लक्ष नव्हतं. ते डबा फिरवून पाहत होते. एका अंगाला मुठीएवढा पोचा होता.

"एवढं एकच वैगुण्य. आमचा कासार तासाभरात सपाट करून देतो. कालच कारखान्यातून आल्यासारखा."

भन्ते खाली वाकून माठाखालची ओल पुसत होते.

"आणि हात जोडतो तुम्हाला, आजपासून यात पाणी नको. ओल्या हातानं शिवूसुद्धा नका."

भन्तेंनी मान वर केली.

"बहुत दिसानं आयकला हा शब्द."

"कोणता?"

"शिवू नका."

बोकारेंनी डबा मांडीवर टेकवला.

"रजेवर आलो होतो," भन्ते म्हणाले. "अंगात वर्दी. गावची मोठी विहीर आमच्या वस्तीले बंद. माय उन्हात बसून होती, कोणी तरी येईल, वरून ओतंल म्हणून… म्या याच्या कडीले दोर बांधला, अन् डबा सोडला विहिरीत."

"मग?"

"दगड आला. डब्यावरच बसला."

बोकारेंचा अंगठा पोच्यात होता. तो त्यांनी काढून घेतला.

"पळालात?"

"दुसऱ्यांदा सोडला."

"…मग?"

"आधी मायले पाजलं. मग मी प्यालो. उरलं त्यात गावाकडं पाहत तोंड धुतलं. सावकाश."

बोकारेंना लाज वाटली. अगदी खरी लाज. पण जमवणाऱ्याची हाव लाजेलाही पुरून उरते. ते हळूच म्हणाले, "पोचा तसाच ठेवतो, भन्तेजी. हातही लावू देणार नाही त्याला. द्याल मला?"

भन्ते उठले. त्यांनी डबा माठात बुडवला, काठोकाठ भरला आणि बोकारेंपुढे धरला.

"न्या."

बोकारेंना खरंच वाटेना. ते दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

"पण असाच ठेवायचा, भाऊ. भरलेला. कपाट उघडं. ज्याले तहान लागंल तो उचलंल अन् पिईल."

"अहो, कल्हई उडालीय याची! आत लोखंड आहे. असा भरून ठेवला तर गंजेल. दोन पावसाळ्यांत भोक पडेल याला!"

डबा पुढेच होता. काठोकाठ भरलेलं पाणी बोकारेंच्या पायांवर सांडत होतं, पण म्हाताऱ्याचा हात मागे येत नव्हता.

"पडू द्या," भन्ते म्हणाले. "पाण्यानं पडू द्या. दगडानं तं नाही पडलं."