सागवानी रंगाची सावर

खाडीकाठच्या एका गावात सगुण नावाचा सुतार राहत होता. नुसता हात फिरवून लाकूड कोणतं ते तो सांगे. त्याचा शब्द गावात कोणी तपासून पाहत नसे.

त्याच गावातल्या धाकूशेटने आपलं जुनं घर विकायला काढलं. घर घेणार होत्या वैद्य भागीरथीबाई. त्यांना औषधं ठेवायला भिंतभर सागवानी कपाटं हवी होती. "घर दुरुस्त करून, कपाटं बसवूनच ताब्यात देतो," असा शब्द शेटने दिला आणि सगुणला बोलावलं.

अंगणात फळ्या रचलेल्या होत्या. सगुणने एक उचलली. ती अगदीच हलकी लागली.

"शेट, ही तर सावर. दोन पावसाळ्यांत भुंगा पोखरील हिला."

"पोखरू दे. वरून सागवानी रंग दे. तोवर घर माझं थोडंच राहणार आहे?"

सगुणने फळी खाली ठेवली. "सावर आहे असं बाईंना सांगा, मी आत्ता कामाला बसतो. सागवान म्हणून सावर मी बसवणार नाही."

शेटचा आवाज चढला. "गावातली वखार माझी आहे. तुला फळी मिळते कशी तेच बघतो!"

"बघा," असं म्हणून सगुणने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि तो निघाला.

शेटने बाहेरगावचा सुतार आणून कपाटं करून घेतली. सगुणला खरोखरच फळी मिळेना. तो दारोदार फिरून मोडक्या खाटा सांधू लागला. घरात दिवसातून एकदाच चूल पेटू लागली.

एके दिवशी भागीरथीबाई घर पाहायला आल्या. कपाटं पाहून म्हणाल्या, "लाकडातलं मला कळत नाही. सगुणला बोलवा. तो सागवान म्हणाला की घर घेतलं."

सगुण आला. शेटने त्याला पायरीवरच गाठलं आणि हळूच म्हटलं, "नुसती मान हलव. उद्यापासून वखार तुला मोकळी."

सगुणच्या डोळ्यांपुढे बायकोचा सुकलेला चेहरा आला. क्षणभर तो थबकला. मग आत गेला, कपाटाचं दार उघडलं आणि आतली कड पटाशीने खरवडली. रंगाखालून पांढरं लाकूड दिसलं.

"बाई, ही सावर आहे."

"माझ्याच घरात उभा राहून माझ्याविरुद्ध बोलतोस?" शेट ओरडला.

"घर तुमचं आहे, शेट. जीभ माझी आहे."

बाई घर न घेताच परतल्या. पुढे त्यांनी दुसरं घर घेतलं, तेव्हा खाडीपलीकडून सागवान निवडून आणायला सगुणलाच सोबत नेलं. त्यांचं पाहून इतरही नेऊ लागले. धाकूशेटची वखार मात्र त्याला कायमची बंद राहिली. तिच्यासमोरून जाताना सगुण कधी रस्ता बदलत नसे, की मान खाली घालत नसे.

तात्पर्य: पोटाला चिमटा बसला तरी दुसऱ्याच्या खोट्याला आपल्या तोंडाने खरं म्हणू नये.