जाखाईचा मातीचा हात

वेढेगावच्या टेकडीवरची आमची जाखाई पुरुषभर उंच, काळ्या दगडाची. उजवा हात तेवढा मातीचा, आणि तोही एखाद्या लहान पोरीचा असावा एवढाच. तुमची ही मुलगी हात बघून हसली, हसू द्या. देवी रागवायची नाही. चपला तिकडे काढा आणि जरा बसून ऐका.

फार पूर्वी गावात मालू नावाचा पाथरवट होता म्हणे. त्याची पोरं जगत नसत. शेवटची पोर झाली तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून तिचं नाव ठेवलं धोंडी, आणि मालू नवस बोलला, ‘ही जगली तर अखंड दगडातून तुझी मूर्ती घडवीन.’ पोर जगली. मालूने छिन्नी-हातोडा घेतला. शेजारच्या साळू कुंभारणीला तो येता-जाता चिडवायचा, “तुझं बरं हाय, चुकलं की पुन्हा थापलं. दगडात काढलेलं परत लावता येत न्हाई.” साळू हसून मडकं थापत राहायची.

नवरात्र तोंडावर आलं. आशीर्वादाच्या हाताची बोटं मोकळी करायची तेवढी राहिली होती. तिथेच एक घाव जास्त बसला आणि करंगळी उडाली. भंगलेली मूर्ती कुणी पुजत नाही. नवस फिटला नाही तर देवी पोर परत मागेल, असं मालूच्या मनाने घेतलं. पाथरवटाला दुरुस्ती एकच ठाऊक, आणखी काढणं. करंगळीची खोट झाकायला त्याने सगळी बोटं आखूड केली. मग पंजा बेढब दिसू लागला, म्हणून पंजाही तासला. शेवटी मनगटाशी बारीक खुंट उरला, तरी त्याची छिन्नी थांबेना.

साळूने येऊन त्याचा हात धरला. “मालूदादा, काढून काढून देवी संपंल. आता लाव.”

“मातीचा हात? पयल्या अभिषेकाला विरघळंल.”

“विरघळू दे. पुढल्या साली पुन्हा लावू.”

तिने कापूस घालून माती मळली. पण खुंट इतका बारीक झाला होता की देवीच्या मापाचा हात त्यावर पेलेना, गळून पडे. धोंडी तिथेच खेळत होती. तिचा हात मापाला धरून साळूने तेवढाच हात घडवला, आणि तो पेलला. पहिला गोळा तिने मालूकडूनच लाववला. जन्मभर दगड फोडलेला तो माणूस ओल्या मातीला हात लागताच रडला, असं सांगतात. धोंडी पुढे नातवंडं-पतवंडं बघून गेली.

तेव्हापासून नवरात्राच्या आदल्या दिवशी जुना हात तळ्यात सोडतात. पाथरवटाच्या घरचा माणूस पहिला गोळा लावतो, कुंभाराच्या घरची बाई हात घडवते आणि मापाला बसते गावातली पोर. माझ्या लहानपणी पोरींची नुसती झुंबड उडायची. माझी बहीण एकदा बसली, तर वर्षभर रोज टेकडी चढून ‘माझा हात’ बघायला यायची. फार गोड दिवस होते ते. आता माणसं शहरात गेली, शाळेला कुलूप लागलं. गेल्या साली पाथरवटाच्या घरच्यांनी पुण्याहून नात आणली, एका दिवसापुरती. यंदा तीही वाढली, तिचा हात मापाबाहेर गेला. मी कोंडाबाई कुंभारणीला म्हटलं, “अंदाजानं कर की.” ती म्हणाली, “अंदाजानं केला तर कुनाचा म्हणायचा?”

आजही ती म्हातारी भाद्रपद लागला की माती भिजत घालते. खाली उतरताना डाव्या हाताला तिचंच घर लागेल. मुलीला आत न्या, पाणी प्या. आणि म्हातारीने पोरीचा हात हातात घेतला, तर घाई करू नका.