आपलं आडनाव पाणबुडे कसं झालं

एकदा काय झालं, एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरला हैबती, धाकटा सुभान. तेव्हा आडनावं नव्हती, बरं का. ज्यानं जे केलं, तेच त्याचं नाव.

हैबतीनं भाल्यानं वाघ मारला. राजानं त्याला शेला पांघरवला, पागोटं बांधलं, म्हणाला, "आजपासून तुम्ही वाघमारे!"

मग सुभानच्या पोटात दुखायला लागलं. ओवा खाऊन बरं होतं तसलं नव्हे हो! लोक हैबतीला म्हणायचे, "या वाघमारे, बसा." आणि सुभानला? "अरे, वाघमाऱ्याचा भाऊ ना तू?" घरात भाकरी आधी हैबतीच्या ताटात पडली, तरी याचा घास कडू व्हायचा.

मग सुभान अस्वल मारायला गेला. अस्वलानं त्यालाच झाडावर चढवलं. पोरं ओरडली, "झाडचढे! झाडचढे!"

मग तो देवळापुढचा धोंडा उचलायला गेला. धोंडा पडला अंगठ्यावर. म्हाताऱ्या हसल्या, "याला लंगडे म्हणा गं!"

सुभान रागानं नदीवर जाऊन बसला. तेवढ्यात हैबती शेला-पागोटं घालून राजाकडे निघाला. नदी ओलांडताना पाय घसरला आणि गेला डोहात! त्याला पोहता येईना. सुभान मात्र मासाच.

पण सुभान उठला नाही. मनात आलं, 'बुडू दे. मग मला कोण म्हणेल वाघमाऱ्याचा भाऊ?'

हैबतीनं पाण्यातून त्याला पाहिलं. ओरडला, "सुभान, येऊ नकोस! इथं भोवरा आहे, बाळा!"

बाळा म्हणाला हो! सुभानच्या काळजात चर्र झालं. त्यानं धाडकन उडी मारली. बुडी मारून तळ गाठला, भावाच्या अंगावरचा भिजून जड झालेला शेला सोडून दिला आणि भावाला केसांना धरून ओढत काठावर आणलं. मग त्याच्या गळ्यात पडून रडला. "दादा, मी आधी बसून राहिलो रे!"

"आलास ना शेवटी?" हैबती म्हणाला.

राजानं ऐकलं. म्हणाला, "सुभान, तुम्ही पाणबुडे!"

मग हैबतीनं हात जोडले. "महाराज, वाघ मेला त्याचं नाव मला कशाला? ज्यानं मी जगलो, तेच नाव माझ्या पोरांना द्या."

तेव्हापासून दोन्ही घरं पाणबुडे झाली, एका चुलीवरचं जेवली, सुखानं नांदली. सुभानचं पोट पुन्हा कधी दुखलं नाही. चला, आता पांघरुणात बुडी मारा बघू.